आतला पॅड पत्र्यावर, बाहेरचा निम्मा शिल्लक: नवे पॅड आणण्याआधी पिना बघा

प्रश्न दारव्ह्याकडचा आहे. नऊ वर्षांची छोटी पेट्रोल कार, रोज वावरात जायला पांदण रस्ता, आठवड्यातून दोनदा यवतमाळ. पुढचे ब्रेक पॅड सव्वा वर्षापूर्वी बदललेले. आता ब्रेक लावला की डाव्या चाकातून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येतो. चाक काढलं तर आतल्या पॅडचा घासणारा मसाला संपून तो पार पाठीच्या पत्र्यावर आलेला, बाहेरचा निम्मा शिल्लक. उजवीकडचे दोन्ही सारखे झिजलेले. घरी बदलता येईल का, आणि काय काय आणावं लागेल, असं विचारलंय.

बदलता येईल, भाऊ. पण नुसते पॅड टाकलेत तर वर्षभरात तोच पॅड पुन्हा पत्र्यावर येईल, कारण तुमचा डावा कॅलिपर, म्हणजे दोन्ही पॅड डिस्कवर (चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीवर) दाबणारा भाग, अडकलाय. उजवीकडचे सारखे झिजलेत, म्हणजे पॅड चांगलेच होते.

छोट्या गाड्यांना पुढे जो कॅलिपर असतो त्यात पिस्टन एकच, आणि तो आतल्या बाजूला. ब्रेक दाबला की पिस्टन आतला पॅड डिस्कवर रेटतो. त्या रेट्यानं अख्खा कॅलिपर उलट दिशेला सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून डिस्कवर आणतो. हे सरकणं दोन पिनांवर होतं. पिना रबरी बूटाच्या (घड्या असलेल्या टोपणाच्या) आत, ग्रीसमध्ये बसलेल्या असतात. पिना जाम झाल्या की कॅलिपर सरकत नाही, बाहेरचा पॅड नावापुरता टेकतो आणि सगळा भार आतल्यावर येतो. दुसरं कारण पिस्टनचं. ब्रेक सोडला की पिस्टनभोवतीचं चौकोनी काठाचं रबरी सील त्याला केसभर मागे ओढतं. सील कडक झालं किंवा पिस्टनवर गंज चढला की तो मागे येत नाही, आणि आतला पॅड दिवसभर डिस्कला चिकटून फिरतो. दोन्हींत खूण एकच, आतला पॅड आधी संपतो. नेमकं काय झालंय ते कॅलिपर उघडल्यावर कळतं, ते पुढे सांगतो. एकच पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ झिजला असेल, तर दोनपैकी एकच पीन जाम आहे असं समजा.

आपल्याकडे पिना का जाम होतात, तर काळी माती. ओली असताना ती बूटाच्या घडीत जाऊन बसते, वाळली की दगडासारखी होते. गाडी चालताना घडी उघडझाप करते आणि तो वाळका गोळा रबर कापतो. एकदा चीर पडली की पावसाचं पाणी आत, ग्रीस बाहेर, आणि दोन पावसाळ्यांत पीन गंजून धरते. मुरमाच्या रस्त्याची तऱ्हा वेगळी. त्याची धूळ खरखरीत, ती पॅड आणि डिस्कच्या मध्ये शिरून डिस्कवर चरे पाडते. तुमच्या पांदणीला दोन्ही आहेत.

आता आणायचं काय. पुढच्या दोन्ही चाकांचे मिळून चार पॅडचा एक संच. एकाच बाजूचे कधीच बदलू नका, गाडी ब्रेकमध्ये एका बाजूला ओढते. त्याबरोबर पॅड ज्या खाचांत बसतात तिथल्या स्टीलच्या क्लिपांचा संच, पिनांचे बूट (शक्यतो पिनांसकट किट), कॅलिपरचं सिलिकॉन ग्रीस, ब्रेक ऑइलची अर्ध्या लिटरची सीलबंद बाटली आणि ब्रेक क्लीनरचा एक डबा. दुकानदार क्लिपांना ‘काही गरज नाही’ म्हणेल. पॅडच्या मानानं त्या किरकोळ किमतीत येतात आणि अर्धं दुखणं तिथंच असतं, तेव्हा घ्याच. पिस्टनचं सील आणि बूट यांचं ओव्हरहॉल किट आत्ता विकत घेऊ नका, पण त्याच दुकानात मिळतं का ते विचारून ठेवा.

यवतमाळला जाताना आरसीवरचा चेसिस नंबर आणि गाडीचं महिना-वर्ष लिहून न्या. एकाच मॉडेलला वर्षागणिक दोन-तीन वेगळे पॅड लागलेले असतात, नुसतं गाडीचं नाव सांगून चुकीचा डबा येतो. जुन्या पॅडचा पाठीमागून फोटो, त्यावर पट्टी ठेवून लांबी-उंची दिसेल असा, मोबाइलमध्ये असू द्या. गाडी जॅकवर उघडी ठेवून तालुक्याला पळण्यापेक्षा हे बरं. पॅडच्या पाठीवर किंवा कडेला दोन अक्षरांचा कोड छापलेला असला तर बघा: पहिलं अक्षर पॅड थंड असतानाची पकड सांगतं, दुसरं तापल्यानंतरची. ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५. ‘एफएफ’ असेल तर तापल्यावरही पकड सुटत नाही, आपल्या उन्हाळ्याला ते चांगलं. डब्यावर छपाई पुसट, पत्र्याच्या कडा खरखरीत आणि मसाल्याला भेगा असलेला पॅड कितीही स्वस्त असला तरी परत करा.

ग्रीसबद्दल जरा जास्त बोलतो, कारण घरच्या कामात सगळ्यात मोठी चूक इथं होते. बेअरिंगचं किंवा ट्रॅक्टरच्या निपलात भरायचं ग्रीस पिनांना लावायचं नाही. ब्रेकमधलं रबर ब्रेक ऑइलात टिकेल असं बनवलेलं असतं, पण खनिज तेलात ते फुगतं. बूट फुगून ढिला होतो, पिनेवरची रबरी बुश फुगून भोकात घट्ट बसते, आणि ग्रीस लावूनही पीन महिन्याभरात जाम. हीच गोष्ट डिझेल आणि रॉकेलची. गॅरेजमध्ये सगळं डिझेलनं धुवायची सवय असते. कॅलिपरपुरती ती सवय सोडा, रबरी भाग साध्या साबणाच्या पाण्यानं धुऊन वाळवा. इंजिन ऑइल, खोबरेल, डब्ल्यूडी-४० यातलं काहीही पिनेच्या भोकात जाता कामा नये.

हत्यारं: चाकाचा पाना, कॅलिपरच्या बोल्टला बहुधा १२, १३ किंवा १४ चा रिंग पाना, ब्रॅकेटला (कॅलिपर आणि पॅड ज्यावर बसतात तो लोखंडी सांगाडा) १७ चा बॉक्स पाना, कॅलिपरवरच्या ऑइल काढायच्या निपलला ८ किंवा १० चा, तारेचा ब्रश, १२० नंबरचा पॉलिश पेपर, बारीक कानस, चपटा स्क्रू ड्रायव्हर, हातभर बाइंडिंग तार, आणि पिस्टन मागे दाबायला सी क्लॅम्प. गावातल्या सुताराकडे तो असतोच, तासाभरासाठी मागून आणा. २० मिलीची सिरिंजही हवी. गुरांच्या औषधाची चालेल, पण नवी.

जागा पक्की हवी. घरापुढची सिमेंटची फरशी किंवा डांबरी कडा. काळ्या मातीवर जॅक लावायचा नाही, वरून कोरडी दिसली तरी भाराखाली ती कचकन दबते. दुसरी सोय नसेल तर जॅकखाली दोन इंच जाड, फूटभर लांब-रुंद लाकडी फळी. हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून उट्या लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच पाव फेरा ढिले करायचे, मग जॅक चढवायचा. चाक काढलं की ते आडवं करून गाडीच्या कडेच्या पट्टीखाली सरकवा, आणि जॅकच्या शेजारी बाभळीचा जाड ओंडका उभा करा. वीट ठेवू नका, वीट अचानक फुटते.

एका वेळी एकच बाजू उघडा, दुसरी बाजू नमुना म्हणून तशीच राहू द्या. आधी उजवी करा. ती चांगली आहे, तिथं हात बसेल आणि पीन मोकळी असते म्हणजे कशी ते बोटांना कळेल.

चाक निघाल्यावर आतली काळी धूळ तोंडानं फुंकायची नाही, कंप्रेसरची हवाही मारायची नाही. स्वस्त पॅडात आजही ॲस्बेस्टॉस असू शकतं. तोंडाला रुमाल बांधा, ओल्या फडक्यानं पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाकून द्या.

बोनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण काढा. पिस्टन मागे गेला की डबीतली पातळी वर येते आणि ऑइल सांडतं. रंगावर सांडलं तर रंग सुरकुततो, लगेच भरपूर पाणी ओता. सिरिंजनं पातळी आधीच ‘मिन’च्या जरा वरपर्यंत खाली आणा.

आता कॅलिपरचा खालचा बोल्ट काढा. बोल्टबरोबर पीनही गरगर फिरत असेल तर पिनेच्या मानेवर पातळ फिक्स पाना धरा. खालचा बोल्ट निघाला की कॅलिपर वरच्या पिनेवर वर उचलला जातो, पॅड हातात येतात. पण तुम्हाला पिना साफ करायच्या आहेत, म्हणून वरचाही काढा आणि कॅलिपर तारेनं चाकामागच्या जाड स्प्रिंगला बांधून टाका. रबरी होजवर लोंबकळू दिला तर होज आतून चिरते. ती चीर बाहेरून दिसत नाही. जुने पॅड कुठला कुठे होता ते खडूनं लिहून ठेवा. एका पॅडला किंचाळणारी पत्ती असते, पॅड संपत आला की ती डिस्कला घासून ओरडते. नव्या संचात ती त्याच जागी आली पाहिजे.

पीन हातानं ओढून बघा. निरोगी पीन दोन बोटांनी सरकते, सोडली तर बूटाच्या हवेनं किंचित मागे येते. तुमच्या डावीकडची बहुधा फिरवल्याशिवाय हलणार नाही. पानानं इकडून तिकडे फिरवत, मध्ये ब्रेक क्लीनर मारत काढा. हातोडीनं ठोकली तर तोंड फुलतं आणि पीन कायमची अडकते. निघाल्यावर निरखून पाहा. नुसता तपकिरी डाग असेल तर तो पॉलिश पेपरनं जातो. पण नखाला खळगा लागला तर पीन बाद. वरची आणि खालची पीन पुष्कळ गाड्यांत वेगळी असते, एकीवर टोकाला रबरी बुश, दुसरी साधी. अदलाबदल केली की महिन्याभरात खडखड सुरू होते. भोकात चिंधी गुंडाळलेली काडी फिरवून जुनं ग्रीस सगळं काढा, नवा बूट खाचेत नीट बसवा, पिनेवर तुरीच्या दाण्याएवढं सिलिकॉन ग्रीस पातळ पसरवा. जास्त भरलं तर भोकाच्या तळाशी हवा कोंडते आणि पीन स्प्रिंगसारखी बाहेर येऊ बघते. शेवटी बूटाची कड चिमटीत धरून हवा सोडून द्या.

मग ब्रॅकेट. पॅडचे दोन्ही कान ज्या खाचांत सरकतात तिथली जुनी क्लिप उपटली की खाली गंजाचा पापुद्रा दिसेल. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा खातो. तो क्लिपला आत रेटतो, खाच अर्ध्या मिलिमीटरनं अरुंद होते आणि पॅड तिथंच आवळला जातो. पिना मोकळ्या असूनही पॅड अडकण्याचं कारण बहुतेक वेळा हेच. तारेचा ब्रश, मग कानस हलकी, धातू चकचकीत होईपर्यंत. पण कानशीनं लोखंड खाऊ नका. नवी क्लिप लावून पॅड बसवून बघा: अंगठ्याच्या जोरानं सरकला पाहिजे आणि वरखाली खडखडला नाही पाहिजे. ठोकून बसवावा लागत असेल तर साफसफाई अपुरी आहे, किंवा कानावर रंगाचा जाड थर आहे. तो थर कानशीच्या दोन हातांत जातो.

डिस्ककडे वळू. आवाज लोखंडाचा आहे म्हणजे तुमच्या डाव्या डिस्कची आतली बाजू खरवडली गेलीच असणार. आरशाचा तुकडा धरून ती बाजू बघा, बाहेरच्या चकचकीत बाजूवर विसंबू नका. डिस्कच्या टोपीवर किंवा कडेला किमान जाडी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. व्हर्निअरनं कड सोडून आत मोजा, कारण कडेला न झिजलेला काठ उरतो आणि तो मोजला तर डिस्क आहे त्यापेक्षा जाड भासते. आकडा किमान जाडीच्या खाली असेल तर दोन्ही बाजूंच्या डिस्क नव्या. वर असेल आणि चरे खोल असतील तर लेथवर कातून घेता येते, पण कातल्यावरही किमान जाडी शिल्लक राहिली पाहिजे. पावसात दोन दिवस उभ्या गाडीच्या डिस्कवर येणारा तांबूस गंज मात्र काहीच नाही, पहिल्या दोन-चार ब्रेकमध्ये पुसला जातो.

पिस्टन मागे दाबताना त्याच्या तोंडावर जुना पॅड ठेवा, सी क्लॅम्प लावा, निपलला पारदर्शक नळी जोडून तिचं टोक बाटलीत सोडा, निपल अर्धा फेरा उघडा आणि हळूहळू आवळा. मागे गेला की आधी निपल बंद, मग क्लॅम्प ढिला. या पद्धतीनं पिस्टनमागचं सगळ्यात घाण ऑइल बाहेर पडतं. ते मागे ढकलून एबीएसच्या (ब्रेकमध्ये चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) झडपांत घालण्यात शहाणपण नाही. आणि इथंच तुमच्या डाव्या बाजूचं निदानही होतं. आधी निपल बंद ठेवून दाबून बघा. जड गेला आणि निपल उघडताच सहज गेला, तर पिस्टन चांगला आहे, होज आतून फुगून बंद झालीय. निपल उघडूनही जड गेला, तर पिस्टनच धरलाय. तेव्हा बूट उचलून बघा. पिस्टनवर गंजाचे खड्डे असतील तर पिस्टन आणि सील दोन्ही नवे. ते काम पहिल्यांदाच करणाऱ्यानं घरी करू नये. कॅलिपर गॅरेजमध्ये न्या आणि तिथं बसून करून घ्या.

मागच्या चाकांनाही डिस्क असलेल्या गाडीत हँडब्रेक पुष्कळदा त्याच पिस्टनमधून चालतो. तसं असेल तर तो पिस्टन सरळ दाबायचा नसतो, बहुधा फिरवत आत घालावा लागतो. तुमच्या गाडीला मागे ड्रम असणार, म्हणून पुढे जातो.

नवे पॅड बसवताना मसाल्याला ग्रीसचा हात लागू देऊ नका. लागलाच तर पॉलिश पेपरनं वरचा थर काढा, भिजला असेल तर फेकून द्या. पाठीवरची शिम (पातळ पत्री) पत्र्याशी घट्ट असावी, आणि पिस्टन टेकतो तिथं ग्रीसचं नखाएवढं बोट. ‘किर्र’ आवाजापैकी निम्मा आवाज एवढ्यानं जातो. बोल्ट आवळताना: कॅलिपरच्या पिनांचे बोल्ट छोट्या गाड्यांना साधारण २५ ते ३५ न्यूटन-मीटर, ब्रॅकेट काढला असेल तर ८० ते ११०, चाकाचे नट ८५ ते ११०. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. टॉर्क पाना (किती जोर लागला ते दाखवणारा) नसेल तर हिशेब असा: १५ सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला १७ किलोचा जोर म्हणजे २५ न्यूटन-मीटर, आणि ३० सेंटिमीटरच्या पान्याला ३० किलोचा जोर म्हणजे ९० च्या आसपास. पिनेचा बोल्ट पाइप लावून आवळणाऱ्यांच्या पिनेचे आटे जातात. चाकाचे नट समोरासमोरचे आळीपाळीनं, आणि शेवटचा जोर चाक जमिनीला टेकल्यावर.

आता सगळ्यात धोक्याचा क्षण. गाडी सुरू करण्याआधी पेडल दाबा. पहिल्यांदा ते थेट फ्लोअरला जाईल, कारण पिस्टन मागे आहे. दहा-पंधरा वेळा हळूहळू मारा, टणक झालं की मगच किल्ली फिरवा. हे विसरून गाडी रिव्हर्स घेणारे अंगणाच्या भिंतीवर जातात. टणक न होता स्पंजासारखं लागलं तर आत हवा आहे. एक जण पेडल दाबून धरेल, दुसरा निपल उघडून बंद करेल, आणि निपल बंद झाल्याचं ऐकल्याशिवाय पेडल सोडायचं नाही. बुडबुडे थांबेपर्यंत. मध्ये डबीतलं ऑइल तळाला जाऊ देऊ नका, नाहीतर पहिल्यापासून सुरुवात. पेडल टणक आहे पण बरंच खाली जातं, असं असेल तर मागच्या ड्रमचे शू ॲडजस्ट करायचे राहिलेत.

ब्रेक ऑइल जे झाकणावर लिहिलंय तेच, डॉट ३ किंवा डॉट ४. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळत नाही. ऑइल हवेतला ओलावा पितं. नवं डॉट ३ किमान २०५ अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर तेच १४० पर्यंत उतरतं. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे घाट उतरताना गाडी सातशे मीटरच्या आसपास खाली येते. टनभर वजनाच्या गाडीतून तेवढ्या उतारात निघणारी उष्णता वीस लिटरहून जास्त पाणी उकळीला आणेल इतकी असते, आणि नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ती पॅड-डिस्कमध्येच जिरते. मे महिन्यात, चार माणसं नि सामान घेऊन, तीन वर्षं जुन्या ऑइलवर असं उतरलं की ऑइलात वाफ होते आणि पेडल खाली बसतं. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदला, आणि उतारावर दुसरा गिअर. अर्धी उरलेली बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवायची नाही.

पॅड बसवायचे म्हणजे डिस्कशी त्यांची ओळख करून द्यायची. सकाळी मोकळ्या सरळ रस्त्यावर ५० च्या वेगावरून १० पर्यंत मध्यम दाबानं ब्रेक, पूर्ण थांबायचं नाही, मग अर्धा मिनिट चालवून पुन्हा. असं दहा-बारा वेळा. शेवटी पाच मिनिटं ब्रेक न लावता चालवून थंड करा. गरम पॅड डिस्कवर दाबून उभी ठेवली तर तिथं मसाल्याचा ठसा उमटतो आणि पुढे पेडल थरथरतं. पहिले २००-३०० किलोमीटर करकचून ब्रेक टाळा.

त्याच दिवशी पाच-सात किलोमीटर ब्रेकचा कमीत कमी वापर करून चालवा, थांबा आणि दोन्ही पुढच्या रिमजवळ तळहात न्या, टेकवू नका. दोन्ही सारख्याच कोमट हव्यात. डावी अजूनही जास्त गरम असेल तर पिना झाल्या, क्लिपा झाल्या, उरला पिस्टन किंवा होज. तेव्हा ती गाडी पांदणीवर न नेता गॅरेजला न्या. सगळं ठीक असेल तर आठवड्यानं चाकाचे नट एकदा पुन्हा तपासा. दरवर्षी पोळा होऊन चिखल आटला की चाक काढून बूटांच्या घडीतली माती साध्या पाण्याच्या धारेनं धुवा, प्रेशर पंपाच्या नळीनं नाही, आणि दोन्ही पिना बोटांनी सरकवून बघा.